रग्बी लीगच्या पहिल्या पिढीतील खेळाडूचे चरित्र कसे लिहावे

रग्बी लीगच्या, म्हणजे तेरा खेळाडूंच्या रग्बीच्या, सुरुवातीच्या काळातील एखाद्या व्यावसायिक खेळाडूविषयी लिहायला बसलेला लेखक बहुधा ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) आणि गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणे) यांच्या आकड्यांपासून सुरुवात करतो, आणि पहिल्याच पानावर लेखाची वाट चुकते. हे खेळाडू पैसे घेऊन खेळत, पण बहुतेकांचे पोट खेळावर चालत नसे. आठवडाभर कोळशाच्या खाणीत, लोकरीच्या गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत राबून शनिवारी दुपारी मैदानात उतरणाऱ्या माणसांचे हे आयुष्य आहे. म्हणून चरित्रकाराने आधी खेळाडूच्या रोजगाराचा माग काढावा, मग त्या त्या वर्षी खेळाचे नियम काय होते ते पाहावे, त्यानंतर सामन्यांकडे वळावे आणि अखेरीस निवृत्तीनंतरची वर्षे, जी बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकली जातात, ती नेटाने शोधावीत. हा क्रम प्रत्यक्षात कसा चालवायचा हे दाखवण्यासाठी मी हॅरोल्ड वॅगस्टाफचे उदाहरण घेतो.

वॅगस्टाफचा जन्म १९ मे १८९१ रोजी यॉर्कशायरमधील होमफर्थ या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात झाला. १९०६ ते १९२५ या काळात तो हडर्सफील्ड या एकाच क्लबकडून खेळला, विसाव्या वर्षी त्या क्लबचा कर्णधार झाला आणि १९१४ व १९२० अशा दोन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यांत त्याने ब्रिटिश संघाचे नेतृत्व केले. ब्रिटनच्या रग्बी लीग हॉल ऑफ फेममध्ये १९८८ साली पहिल्यांदा ज्या नऊ खेळाडूंची निवड झाली त्यांत त्याचे नाव होते. सेंटरच्या, म्हणजे मागच्या फळीत मध्यभागी, जागेवर खेळणारा हा माणूस स्वतः ट्राय करण्याइतकाच शेजारच्या विंगरला, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूला, मोकळी वाट करून देण्यासाठी ओळखला जाई, आणि तेवढ्यासाठीच नुसत्या आकड्यांतून तो समजत नाही.

आधी रोजगार

रग्बीचे दोन तुकडे का झाले हे नीट समजल्याशिवाय या पिढीतल्या कोणाचेही चरित्र लिहू नये. उत्तर इंग्लंडमध्ये कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी असे आणि सामने त्या दुपारी होत. सामना परगावी असला की सकाळची पाळी सोडावी लागे, आणि खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई क्लबने द्यावी, एवढीच यॉर्कशायरच्या क्लबांची मागणी होती. सप्टेंबर १८९३ मध्ये रग्बी युनियन या मूळ संस्थेच्या लंडनमधील सर्वसाधारण सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतील क्लबांनी वेगळी चूल मांडली. या नव्या संस्थेचे नाव नॉर्दर्न युनियन असे होते. रग्बी फुटबॉल लीग हे नाव १९२२ मध्ये आले. सुरुवातीला खाड्याची भरपाई दिवसाला ६ शिलिंगांपर्यंतच देता येत असे. उघड मोबदल्याला १८९८ मध्ये परवानगी मिळाली, पण तिला एक अट जोडलेली होती: खेळाडूला दुसरा खराखुरा कामधंदा असला पाहिजे, आणि तो सुटला तर खेळायची परवानगीही जाई. ही अट १९०५ पर्यंत टिकली.

मुंबईच्या गिरणगावात कबड्डीच्या जोरावर गिरणीत नोकरी मिळालेल्या माणसांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना काम आणि खेळ यांची ही गाठ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की तिकडे १८९८ ते १९०५ या वर्षांत ही गाठ नियमानेच बांधलेली होती. त्यामुळे या काळातला तुमचा खेळाडू असेल तर त्याने नोकरी का बदलली, मधले काही आठवडे तो संघात का नव्हता, या प्रश्नांची उत्तरे दुखापतीइतकीच या अटीतही शोधावीत.

रोजगाराचा खात्रीचा पुरावा इंग्लंडच्या जनगणनेच्या नोंदींत मिळतो. १८९१, १९०१, १९११ आणि १९२१ या चारही जनगणनांची पाने आज ऑनलाइन पाहता येतात. प्रत्येक पानावर व्यवसायाचा रकाना असतो. १९११ चा अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो आणि १९२१ च्या अर्जात मालकाचे नाव व कामाचे ठिकाणही विचारलेले आहे. मात्र या नोंदी वापरताना तारखांचे भान ठेवावे लागते, आणि वॅगस्टाफच्या बाबतीत ते फार चांगले दिसते. १८९१ ची जनगणना ५ एप्रिलच्या रात्रीची होती आणि त्याचा जन्म १९ मेचा, म्हणजे त्या पानावर तो असूच शकत नाही. मात्र त्याच्या घरातली माणसे तिथे शोधता येतात. १९०१ मध्ये तो नऊ वर्षांचा, १९११ मध्ये एकोणीस वर्षांचा आणि १९२१ मध्ये तीस वर्षांचा असला पाहिजे. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मधील आगीत नष्ट झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये देशभर जी नोंदणी झाली तिच्यातही तो सापडणार नाही, कारण तो त्याच वर्षी जुलैमध्ये वारला. म्हणजे या माणसासाठी तीनच पाने, आणि ती तीन पाने मिळेपर्यंत त्याच्या व्यवसायाविषयी एक शब्दही ठामपणे लिहू नये.

त्या वेळचा पैसा समजून घेताना एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स हे कोष्टक समोर ठेवावे. आपल्या आजोबांच्या पिढीला रुपये-आणे-पै ची सवय होती, आपल्याला ती नाही, म्हणून बेरजा-वजाबाक्या कागदावर कराव्यात. जुन्या रकमेचे आजच्या रुपयांत रूपांतर करण्याचा मोह टाळावा. त्याने वाचकाला एक मोठा आकडा मिळतो आणि अर्थ काहीच मिळत नाही. ६ शिलिंग म्हणजे त्या काळच्या कुशल कामगाराच्या एका दिवसाच्या रोजाच्या आसपासची रक्कम, असे सांगितले की मागणी किती साधी होती ते कळते.

वर्ष पाहून नियम वाचावेत

एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत हा खेळ इतका बदलला की १८९६ मधला सामना आणि १९१० मधला सामना एकाच मापाने मोजता येत नाही. १८९७ मध्ये लाइनआउट (कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकण्याची पद्धत) बंद झाला आणि कोणत्याही प्रकारच्या गोलाला सरसकट २ गुण ठरले. ट्रायचे गुण ३ होते. १९०६ मध्ये संघ पंधरावरून तेरा खेळाडूंचा झाला आणि टॅकल झालेल्या, म्हणजे धरून पाडलेल्या, खेळाडूने उठून पायाने चेंडू मागे खेळवायचा ही पद्धत आली. वॅगस्टाफने त्याच वर्षी पदार्पण केले, म्हणजे तो तेरा खेळाडूंच्या खेळाचा पहिल्या दिवसापासूनचा माणूस ठरतो. मैदानावरून दोन माणसे कमी झाल्यावर जी जागा मोकळी झाली तिचा उपयोग पास देत खेळणाऱ्या संघांना झाला, आणि हडर्सफील्ड त्यात आघाडीवर होता. हे वाक्य चरित्रात आल्याशिवाय त्याच्या खेळाची तारीफ पोकळ वाटते.

आणखी दोन गोष्टी वाचकाला सांगायला हव्यात, कारण आजचा सामना दूरचित्रवाणीवर पाहिलेला माणूस त्या गृहीत धरतो. सहा टॅकलनंतर चेंडू सोडण्याचा नियम तेव्हा नव्हता. टॅकलच्या संख्येवर पहिली मर्यादा १९६६ मध्ये आली. बदली खेळाडूही नव्हते. ते १९६४ नंतरचे. जखमी माणूस बाहेर गेला की त्याची जागा रिकामीच राही. पुढे १९१४ च्या सामन्याविषयी लिहिताना ही एक माहिती सगळ्या विशेषणांपेक्षा अधिक काम करते.

तारीख आणि वार

या काळातल्या खेळाडूंविषयी छापलेल्या तारखांत चुका फार असतात आणि त्या एका लेखातून दुसऱ्यात उतरत जातात. त्या पकडण्याची सोपी युक्ती म्हणजे वार काढणे. इंग्लंडमधले साधारण सामने शनिवारी होत. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार अशा सुट्ट्यांना आणि अधूनमधून मधल्या वारीही होत, पण रविवारी कधीच होत नसत. रविवारचा सामना इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकापर्यंत नव्हता. तेव्हा एखाद्या ठिकाणी १९०८ च्या सामन्याची तारीख दिली असेल आणि त्या दिवशी रविवार किंवा सोमवार येत असेल, तर तिथे बातमी छापल्याचा दिवस हा सामन्याचा दिवस म्हणून उतरवला गेला असण्याची शक्यता मोठी.

वॅगस्टाफच्या पदार्पणाची तारीख १० नोव्हेंबर १९०६ आणि त्या दिवसाचे त्याचे वय १५ वर्षे १७५ दिवस असे सांगितले जाते. हे जसेच्या तसे उतरवू नये, मोजून पाहावे. मेचे उरलेले १२ दिवस, जूनचे ३०, जुलै व ऑगस्टचे प्रत्येकी ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे १० मिळून बरोबर १७५ होतात, आणि १० नोव्हेंबर १९०६ हा शनिवारच होता. सामना ब्रॅम्लीविरुद्धचा होता. तसेच त्याच्या इंग्लंडकडून पहिल्या सामन्याचे: २ जानेवारी १९०९, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, वय १७ वर्षे २२८ दिवस. हाही शनिवार, आणि दिवसही जुळतात. जन्मतारीख, सामन्याची तारीख आणि वय या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून असतील तेव्हाच त्या लेखात घ्याव्यात. तीनपैकी एक जुळत नसेल तर जन्माच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात करावी. इंग्लंडच्या जन्मनोंदींची सूची तिमाहीवार असते आणि तिच्यात जन्माची नव्हे तर नोंद केल्याची तिमाही असते, हे तेव्हा लक्षात ठेवावे. जूनअखेरचा जन्म सप्टेंबरच्या सूचीत सापडणे अगदी नेहमीचे आहे.

नावांचाही असाच बंदोबस्त करावा लागतो. वर्तमानपत्रे आडनावापुढे फार तर आद्याक्षर देत. सिडनीचा खेळाडू डॅली मेसेंजर अधिकृत कागदांत हर्बर्ट हेन्री मेसेंजर असतो आणि बातम्यांत कधी एच. एच. मेसेंजर, कधी नुसता डॅली. १९०७-०८ चा न्यूझीलंड संघाचा दौरा ज्याने उभा केला त्या वेलिंग्टनच्या टपाल कारकुनाचे आडनाव बास्करव्हिल आणि बास्किव्हिल अशा दोन्ही प्रकारे छापलेले सापडते. सर्वांत अवघड प्रकार म्हणजे खोट्या नावाने खेळलेले सामने. नॉर्दर्न युनियनकडून एकदा जरी खेळले तरी रग्बी युनियनचे दरवाजे कायमचे बंद होत, म्हणून चाचणीसाठी आलेले युनियनचे खेळाडू संघयादीत दुसऱ्याच नावाने किंवा अज्ञात म्हणून दाखवले जात. वेल्सहून उत्तरेकडे गेलेल्या खेळाडूंच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांविषयी लिहिताना ही शक्यता नेहमी डोळ्यांसमोर असावी.

वर्तमानपत्रे कुठे आणि कशी पाहावीत

ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रे त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर आणि न्यूझीलंडची ‘पेपर्स पास्ट’वर विनामूल्य वाचता येतात. पुण्यात किंवा पणजीत बसलेल्या अभ्यासकासाठी ही मोठीच सोय आहे, आणि म्हणूनच इंग्लिश खेळाडूच्या दौऱ्याची वर्षे आधी हातात घेण्याचा सल्ला मी देईन: १९१४ मध्ये वॅगस्टाफविषयी सिडनीच्या पत्रकारांनी काय लिहिले ते घरबसल्या मिळते. ब्रिटनची वर्तमानपत्रे पाहायला वर्गणी भरावी लागते. त्यांत खेळासाठी मँचेस्टरचे ‘अॅथलेटिक न्यूज’ आणि गावच्या बातम्यांसाठी ‘हडर्सफील्ड एक्झामिनर’सारखे स्थानिक पत्र, अशी जोडी वाचावी. हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ‘हेरिटेज की’ या अभिलेखागारात रग्बी फुटबॉल लीगचे कागद जतन केलेले आहेत, आणि गंभीरपणे काम करणाऱ्याला तिथे पत्रव्यवहार केल्याशिवाय गत्यंतर नाही.

शोध घेताना केवळ आडनाव टाकून भागत नाही. जुनी छपाई यंत्राने वाचलेली असल्याने अक्षरे बिघडतात; Wagstaff या नावाच्या शेवटच्या ff या जोडीचे नाना प्रकार होतात. त्यापेक्षा क्लब, प्रतिस्पर्धी आणि मैदान यांची नावे टाकून सामना शोधावा आणि मग ते पान स्वतः डोळ्यांनी वाचावे. सामन्याची बातमी वाचून झाल्यावर शेजारचे रकानेही वाचावेत. खाणीतला संप, गिरणीतली मंदी, रेल्वेच्या विशेष गाड्यांची जाहिरात यांतून त्या शनिवारी मैदानात आलेली गर्दी कोण होती ते कळते.

पैशाच्या तीन वेगळ्या वाटा

खेळाडूच्या कमाईविषयी लिहिताना क्लबने क्लबला दिलेले पैसे, क्लबने खेळाडूला दिलेले पैसे आणि प्रेक्षकांनी खेळाडूसाठी जमवलेले पैसे यांची सरमिसळ फार होते. जिम लोमासला ब्रॅम्लीकडून सॅल्फर्डने १९०१ मध्ये १०० पौंडांना घेतले. बिली बॅटन १९१३ मध्ये हन्स्लेटहून हलला ६०० पौंडांना गेला. हॅरोल्ड बकसाठी लीड्सने १९२१ मध्ये १,००० पौंड मोजले. या तिन्ही रकमा एका क्लबने दुसऱ्याला दिलेल्या ट्रान्स्फर फी आहेत, आणि त्या खेळाडूची कमाई म्हणून लिहिणे ही सरळसरळ चूक आहे. उलट, रग्बी युनियनमधून येणाऱ्या खेळाडूच्या आधीच्या क्लबला पैसे देण्याचा प्रश्नच नसे, त्यामुळे करार करतानाची रक्कम त्याच्याच हातात पडे. कार्डिफचा जिम सुलिव्हन १९२१ मध्ये सतराव्या वर्षी विगनला आला तो ७५० पौंडांवर. ती रक्कम या दुसऱ्या प्रकारची. तिसरी वाट मदतनिधी सामन्याची. बॅटनसाठी १९२० मध्ये हलमध्ये झालेल्या सामन्यातून हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली, आणि कित्येक खेळाडूंच्या आयुष्यात एकरकमी हातात आलेले तेवढेच पैसे असत.

वॅगस्टाफला हडर्सफील्डने करारासाठी पाच सोन्याची नाणी दिली, म्हणजे पाच पौंड. पंधरा वर्षांच्या पोरासाठी ती रक्कम लहान नव्हती, आणि ती मिळताच युनियनचा रस्ता त्याला जन्मभरासाठी बंद झाला. दोन्ही गोष्टी एका वाक्यात याव्यात असे मला वाटते, कारण घरातल्यांनी तो निर्णय घेतला तेव्हा त्या एकत्रच समोर होत्या.

एक सामना जवळून

चरित्रात सगळे सामने सारख्या लांबीने लिहिले की एकही लक्षात राहत नाही. एक सामना निवडावा आणि त्याला दोन पाने द्यावीत. वॅगस्टाफसाठी तो सामना ४ जुलै १९१४ चा, सिडनी क्रिकेट ग्राउंडवरचा.

आधी संदर्भ नीट मांडावा. ऑस्ट्रेलियाविरुद्धची पहिली कसोटी शनिवार, २७ जूनला झाली आणि पाहुण्यांनी ती २३-५ अशी जिंकली. दुसरी सोमवारी, २९ जूनला, ऑस्ट्रेलियाने १२-७ अशी जिंकली. तिसरी खरे तर पुढे मेलबर्नला व्हायची होती, पण यजमानांनी ती त्याच आठवड्याच्या शनिवारी, ४ जुलैला, सिडनीला घेण्याचे ठरवले. आठ दिवसांत तीन कसोट्या, आणि पाहुण्यांच्या संघातले कित्येकजण जायबंदी. व्यवस्थापक जॉन क्लिफर्ड यांनी विरोध केला. इंग्लंडहून नॉर्दर्न युनियनची तार आली, तिच्यात ‘प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे अशी इंग्लंडची अपेक्षा आहे’ या नौसेनापती नेल्सनच्या प्रसिद्ध वाक्याची आठवण करून देऊन खेळण्याचा आदेश होता. इथे संघाचे नावही बिनचूक लिहावे: तो त्या काळी नॉर्दर्न युनियनचा संघ म्हणून ओळखला जाई, ग्रेट ब्रिटन हे नाव कसोटी संघाला दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाले.

आता धावफलक उलगडावा. अंतिम गुण १४-६. ट्रायचे ३ आणि गोलाचे २ गुण धरले की १४ म्हणजे दोन ट्राय आणि चार गोल, आणि ६ म्हणजे दोन ट्राय, गोल एकही नाही. दोन्ही संघांनी ट्राय सारखेच केले. फरक पडला तो ओल्डहॅमचा फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू) आल्फ वुड याच्या चार गोलांनी. मध्यंतराला ९-० होते, म्हणजे एक ट्राय आणि तीन गोल पहिल्या अर्ध्यात आले. हे एवढे गणित लेखात मांडले की सामन्याचा सांगाडा उभा राहतो, मग त्यावर माणसे चढवावीत.

विंगर फ्रँक विल्यम्सचा पाय सुरुवातीलाच दुखावला. डग्लस क्लार्क या कंबरलँडच्या दणकट फॉरवर्डचा, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूचा, अंगठा मोडला. तो बांधून खेळत राहिला आणि मग त्याचे गळ्याचे हाड मोडले. तरीही त्याने मैदानात परतण्याचा प्रयत्न केला आणि ते जमेना तेव्हा तो रडत बाहेर गेला. बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर काढला गेला. बदली खेळाडू नसल्याने दुसऱ्या अर्ध्याचा बराच काळ दहा माणसे तेरा जणांशी लढली. त्या स्थितीत वॅगस्टाफने बचावातली फट शोधून चेंडू चिक जॉन्सनला दिला. विडनेसचा हा फॉरवर्ड केवळ माणसे कमी पडल्यामुळे विंगवर उभा होता, आणि त्याने चेंडू जमिनीवर टाकून पायाने खेळवत खेळवत रेषेपलीकडे नेला. वुडच्या गोलासह १४-०. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही ट्राय त्यानंतरचे. त्यांतला एक सिड डीनचा आणि दुसरा वॉली मेसेंजरचा, म्हणजे डॅलीच्या भावाचा.

या सामन्याला पुढे ‘रोर्क्स ड्रिफ्टची कसोटी’ असे नाव पडले. रोर्क्स ड्रिफ्ट हे १८७९ मध्ये झुलू सैन्याविरुद्ध मूठभर इंग्रज शिपायांनी लढवलेल्या ठाण्याचे नाव आहे. नाव रूढ आहे म्हणून ते द्यावे, पण ते कुठून आले आणि कोणाच्या अभिमानासाठी आले हे आपल्या वाचकाला सांगावे. साम्राज्याच्या दुसऱ्या बाजूला राहिलेल्या लोकांसाठी आपण लिहीत आहोत, आणि मैदानावरच्या जिद्दीला दाद देण्यासाठी त्या युद्धाचा गौरव करण्याची गरज नाही.

युद्धाने खाल्लेली वर्षे

१९१४-१५ च्या हंगामात वॅगस्टाफच्या हडर्सफील्डने चॅलेंज कप, लीगचे अजिंक्यपद, यॉर्कशायर कप आणि यॉर्कशायर लीग असे चारही मान मिळवले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात १ मे १९१५ रोजी त्यांनी सेंट हेलेन्सला ३७-३ असे हरवले. त्या संघात सिडनीचा अल्बर्ट रोझेनफेल्ड होता, ज्याने १९१३-१४ च्या हंगामात केलेले ८० ट्राय आजही एका हंगामातला विक्रम आहे. वेल्सचा बेन ग्रोनो होता आणि जखमेतून सावरलेला क्लार्कही होता. लगेच स्पर्धा थांबल्या आणि खेळण्याचा मोबदलाही बंद झाला.

कारकिर्दीची बेरीज लिहिताना ही मोकळी जागा दाखवलीच पाहिजे. हडर्सफील्डसाठी ४३६ सामने आणि १७५ ट्राय हा वॅगस्टाफचा हिशेब चोविसाव्या ते सत्ताविसाव्या वर्षांमधले बहुतेक सगळे सामने वगळून आलेला आहे, आणि तीच सेंटरची भरात असलेली वर्षे. मात्र तो खेळतच नव्हता असेही समजू नये. वॅगस्टाफ, ग्रोनो, क्लार्क आणि रोझेनफेल्ड लष्कराच्या वाहतूक विभागात लंडनजवळच्या ग्रोव्ह पार्क येथे होते, आणि १९१६ मध्ये रग्बी युनियनने सैनिकी सामन्यांपुरती बंदी उठवल्यावर तिथल्या संघाने युनियनच्या नियमांनी २६ पैकी २५ सामने जिंकले. ज्यांना एरवी दाराबाहेर ठेवले जाई त्यांच्याबरोबर अधिकारी मैदानात उतरले, आणि युद्ध संपताच दार पुन्हा लागले. हा प्रसंग चरित्रात कुठल्या तरी तळटीपेत जाऊ नये. पुढे क्लार्कला शौर्यासाठी मिलिटरी मेडल मिळाले. १९१४ च्या दौऱ्यातले बिली जार्मन आणि वॉल्टर रोमन १९१६ मध्ये युद्धात मारले गेले. अशा खेळाडूंची माहिती राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आयोगाच्या विनामूल्य नोंदींत मिळते. जिवंत परतलेल्यांची सेवापत्रे मात्र अनेकदा मिळत नाहीत, कारण त्यांतला मोठा भाग १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला.

खेळाडू सिडनीचा असेल तर

मग तुमचा आरंभबिंदू ८ ऑगस्ट १९०७ असेल. त्या दिवशी सिडनीत न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. तिथे बुडालेल्या रोजाइतकाच प्रश्न दुखापतीचा होता: अॅलेक बर्डन जखमी होऊन कामाला मुकला आणि त्याला भरपाई मिळाली नाही, ही गोष्ट असंतोषाचे कारण ठरली. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा माणूस भेटतो. क्रिकेटमधला व्हिक्टर ट्रंपर या संस्थेचा पहिला खजिनदार होता आणि त्याच्या खेळसाहित्याच्या दुकानात या हालचालींच्या बैठका होत. डॅली मेसेंजरला नव्या खेळात आणण्यातही त्याचा हात होता. मेसेंजरचा जन्म १८८३ चा, वडील डबल बे येथे होड्यांचा व्यवसाय करणारे, स्वतः तो होड्या बांधणारा. १९११ च्या हंगामात त्याने २७० गुण मिळवले आणि तो विक्रम १९३५ पर्यंत टिकला. त्याच्याविषयीचे जवळजवळ सगळे ‘ट्रोव्ह’वर मिळते, त्यामुळे पहिल्यांदाच असे काम करणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

निवृत्तीनंतर

शेवटचा सामना झाला म्हणजे चरित्र संपले असे मानण्याची खोड क्रीडालेखनात फार आहे. वॅगस्टाफ १९२५ मध्ये खेळायचा थांबला, हॅलिफॅक्सचा प्रशिक्षक झाला, पब चालवू लागला आणि १९ जुलै १९३९ रोजी अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी वारला. पब चालवणे हा या पिढीतल्या नावाजलेल्या खेळाडूंचा नेहमीचा मार्ग होता. मालकाला गिऱ्हाईक खेचणारा चेहरा मिळे आणि खेळाडूला डोक्यावर छप्पर. कोणाकडे कोणता परवाना कधी होता हे स्थानिक वर्तमानपत्रांतल्या परवाना न्यायालयाच्या बातम्यांत सापडते, आणि गावोगावच्या व्यापारी निर्देशिकांत पत्ताही मिळतो. मृत्युपत्र केलेले असेल तर इंग्लंड-वेल्सच्या वारसा नोंदींच्या वार्षिक सूचीत मागे ठेवलेल्या मालमत्तेची रक्कम पौंडांत दिलेली असते. ती रक्कम आणि करारावेळची पाच नाणी यांच्यामधल्या तेहतीस वर्षांत पैसा कुठून आला आणि कुठे गेला, याचा जमेल तेवढा हिशेब द्यावा.

मृत्यूचा दाखला शासकीय नोंदणी कार्यालयाकडून शुल्क भरून मागवता येतो. त्यावर मृत्यूचे कारण आणि व्यवसाय असे दोन रकाने असतात, आणि खबर देणाऱ्याचे नाव व त्याचे मृताशी नाते असते. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते तुमच्याजवळच्या जनगणनेच्या पानांशी ताडून पाहावे, आणि खबर देणाऱ्याच्या नावावरून पुढे कुटुंबाचा शोध घ्यावा. मात्र हयात असलेल्या नातेवाइकांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय छापू नयेत.